नवरीची अंडी

"बॅगेत काय आहे?" कॅथेड्रलच्या दारावरच्या रखवालदाराने विचारलं.

"अंडी," नोएलिया म्हणाली.

त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि बॅगेची चेन स्वतःच उघडली. आत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात वर्तमानपत्राच्या कपट्यांत गुंडाळलेली बारा अंडी. एक कपटा त्याने बोटाने जरासा बाजूला केला, पिवळसर तपकिरी कवच पाहिलं आणि पुन्हा नीट झाकलं. चेहरा एकदम सैल झाला त्याचा.

"कुणाचं लग्न?"

तोलेदोत डझनभर अंडी घेऊन चढ चढणाऱ्या मुलीला कुणीही हेच विचारलं असतं. लग्नाआधी संत क्लारेच्या मठात अंडी नेऊन द्यायची, आतल्या सिस्टर प्रार्थना करतात आणि लग्नाच्या दिवशी पाऊस पडत नाही. ज्यांचा देवावर विश्वास नाही, अशा मुलीसुद्धा अंडी मात्र देऊन येतात.

नोएलियाच्या मागेच बेगो आणि हायरो उभे होते. दोघंही तिच्याबरोबर आल्बासेतेला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षेआधीचा शेवटचा मोकळा शनिवार-रविवार म्हणून तिघं तोलेदो बघायला आली होती. तीन आठवड्यांनी नोएलियाच्या आईचं लग्न होतं, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"लग्न कसलं," ती म्हणाली. "रात्रीच्या जेवणाला आणलीत."

रखवालदाराने चष्मा परत कपाळावर चढवला. पेपरात अंडी गुंडाळून जेवणाला कोण नेतं, असं काहीतरी तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने तिला आत सोडलं.

कॅथेड्रलमध्ये बेगो मान वर करून चालत होती आणि खांबांवर आपटत होती. ती बिल्बावची, तिला सगळं पाहायचं असे आणि सगळ्यावर मतही द्यायचं असे. हायरो तिच्या मागून गाईडबुक वाचत होता आणि दर पानाला चुकीच्या खांबापाशी उभा राहत होता. नोएलिया बॅग पोटाशी धरून त्यांच्या मागून चालली होती. रंगीत काचांतून उतरलेला उजेड फरशीवर पडला होता. ती त्यावर पाय न देता बाजूने गेली. लहानपणी ओल्या फरशीवरून जायची, तशी.

अंडी आईने शुक्रवारी संध्याकाळी बांधून दिली होती. स्वतःच्या सात कोंबड्यांची. एकेक अंडं उचलायचं, पेपरच्या पट्टीवर आडवं ठेवायचं, आधी पायाकडून, मग दोन्ही बाजूंनी घडी घालायची. तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसं. तिच्या आईची, रेमेची, बोटं वीस वर्षं लसणाच्या शेडमध्ये पात कापून कापून राठ झालेली. त्या बोटांनी एकही अंडं फुटलं नाही. आणि ते करताना, नोएलियाकडे पाठ करून, ती म्हणाली होती, "मला चर्चमध्ये तू घेऊन येशील का?"

वधू बापाच्या हाताला धरून आत येते. रेमेचा बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. भाऊ अन्सेल्मो बार्सेलोनाहून यायला तयार होता. "पण त्याचा हात धरून मी काय करू गं," आई म्हणाली होती, "त्याला माझा वाढदिवससुद्धा आठवत नाही. तू आलीस तर बरं वाटेल. नाही जमलं तरी चालेल. फक्त सोमवारी फादरना नाव सांगायचंय, तोवर कळव."

नोएलियाने बघू म्हटलं होतं. आणि डबा बॅगेत ठेवला होता.

आई ज्याच्याशी लग्न करणार होती, त्या दामियानबद्दल तिची तशी काही तक्रार नव्हती, हीच तिची अडचण होती. तो दारू पीत नव्हता, मोठ्याने बोलत नव्हता. तासाभरात दोन वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक हवेबद्दल असायचं. वीसेक एकर लसूण होता त्याचा. दोन वर्षांपूर्वी दर रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला येऊ लागला आणि दर रविवारी नोएलियाला कसलातरी अभ्यास निघू लागला.

तिचे बाबा, फेर्मिन, लसणाचा ट्रक माद्रिदला न्यायचे. सहा वर्षांपूर्वी हमरस्त्यावरच्या एका थांब्यावर कॉफी पिता पिता ते टेबलावर कलंडले, ते उठलेच नाहीत. त्यानंतरचा अख्खा हिवाळा मायलेकी एका पलंगावर झोपल्या. दोन ताटं, दोन पेले, न्हाणीघरात दोन टॉवेल. त्या दोनाचंच एक घर झालं होतं आणि नोएलियाला वाटायचं, ते घर आता भरलेलं आहे. त्यात तिसरा टॉवेल लावायला खिळा नाही.

दुपारी तिघांनी पुलावर उभं राहून नदी पाहिली. तलवारींच्या दुकानात हायरोने एक तलवार हातात घेतली आणि दुकानदाराने ती तितक्याच शांतपणे परत काढून घेतली. मग बेगोला बदामाची मिठाई हवी होती, ती घेतली. मठ त्याच गल्लीच्या टोकाला होता. दारावर वेळ लिहिलेली होती: सकाळी दहा ते एक, दुपारी चार ते सहा. घड्याळात साडेचार वाजले होते.

नोएलियाने दाराकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "पाय दुखतायत. हॉस्टेलवर जाऊ या?"

हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात तिने डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि आंघोळीला गेली. केस धुतले, वाळवले, खिडकीशी बराच वेळ नुसती बसून राहिली. खाली आली तेव्हा आठ वाजले होते, बाहेर अजून चांगला उजेड होता आणि जिन्यापर्यंत तळलेल्या कांद्याचा वास पसरला होता.

टेबलावर मधोमध तोर्तिया होती. बटाटा आणि अंड्यांची, चार बोटं जाड, कडेने सोनेरी. बेगो कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बारा अंड्यांची आहे," ती म्हणाली. "आमच्या घरी याहून लहान करतच नाहीत. तू 'जेवणाला' म्हणालीस आणि वर जाऊन बसलीस, मग म्हटलं आपणच उरकावं. कांदा घातलाय. कांद्याशिवाय तोर्तिया करणाऱ्यांशी मी बोलत नाही."

सिंकमध्ये कवचं पडली होती, आणि शेजारी वर्तमानपत्राच्या पट्ट्या. बेगोने त्या टाकल्या नव्हत्या, एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

हायरोने तिच्यापुढे तुकडा ठेवला. आत बलकाचा रंग केशरी उतरला होता, दुकानातल्या अंड्यांचा असतो तसा फिक्कट नाही. आईच्या कोंबड्या मका आणि द्राक्षांचा चोथा खायच्या. तिने पहिला घास घेतला तेव्हा तिला आपल्या घरातलं टेबल जसंच्या तसं आठवलं, तरीही तिने तो गिळला. मग दुसरा घेतला. छान झालीय म्हणाली. खरंच छान झाली होती. आणि पोटात कुठेतरी, उबदार बटाट्याच्या शेजारी, एक सुटल्यासारखं हलकं वाटत होतं. अंडी राहिली नव्हती. ती कुणी मुद्दाम संपवली नव्हती. आता काही द्यायचं नव्हतं.

तिने आणखी एक तुकडा मागून घेतला.

फोनवर आईचा निरोप येऊन पडला होता. दिलीस का, एवढाच. नोएलियाने तो उघडला नाही.

रविवारी सकाळी तिघं कॉफी प्यायला निघाली, तेव्हा आईचा फोन आला. बाकीच्या दोघांना पुढे जायला सांगून नोएलिया एका पायरीवर बसली. चढ उतरत चर्चला निघालेल्या बाया तिला वळसा घालून जात होत्या. ती उत्तर तयार ठेवून बसली होती. दिली, सिस्टरांनी आशीर्वाद सांगितला. दोनच वाक्यं, अवघड काहीच नव्हतं.

पण आईने अंड्यांचं विचारलंच नाही. तिने विचारलं, नदी पाहिलीस का. पुलावरून गाव कसं दिसतं. कॅथेड्रल खरंच एवढं मोठं आहे का. रेमेने तोलेदो कधी पाहिलं नव्हतं. शाळेची सहल गेली तेव्हा लसणाची काढणी होती. फेर्मिनशी लग्न झालं तेव्हा दोघं आल्बासेतेची जत्रा पाहून परत आली होती. आणि यंदाही लग्नानंतर कुठे जाणं नव्हतं, महिन्याभरात काढणी सुरू व्हायची. नोएलियाने सांगितलं, नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते, आणि पुलावर वारा इतका असतो की केस तोंडात जातात.

"आणि आत?" आईने विचारलं. "आत गेल्यावर कसं वाटतं?"

"गार," नोएलिया म्हणाली. "फरशीवर रंग पडतात."

"रंग," आई म्हणाली, जणू ते पाहत होती. मग सांगू लागली की दामियान पहाटेपासून शेतात उभा आहे, आभाळाकडे बघत. एप्रिल असाच कोरडा गेला, लसूण पोसायला पाणी हवंय, आणि आपण मात्र पाऊस नको म्हणून अंडी पाठवतोय. "मी म्हटलं त्याला, अंडी राहू दे हवं तर. तर काय म्हणाला माहितेय? म्हणाला, लसूण रविवारी भिजेल. नवरी शनिवारचीच आहे."

आणि रेमे हसली. मोठ्याने नाही, नाकातून. मग थांबवत, मग पुन्हा. नोएलियाने फोन कानाला घट्ट धरला. हे हसू तिला माहीत होतं. बाबा ट्रकचा भोंगा दाराशी दोनदा वाजवायचे तेव्हा स्वयंपाकघरातून यायचं. सहा वर्षं तिला वाटत होतं की ते बाबांबरोबर गेलं.

"पोरी," आई मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अंडी प्रवासात फुटतात कधी कधी. फुटली असतील तर असू दे हं. मी काही म्हणणार नाही."

"फुटली नाहीत," नोएलिया म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. आईला काही कळलं असेल असं नव्हे. आईने फक्त दार उघडं ठेवलं होतं, ती नेहमी ठेवायची तसं, म्हणजे निघून जाणाऱ्याला कडी काढावी लागू नये. नोएलियाला रडू आलं नाही. आदल्या दिवशीच्या तोर्तियाची चव मात्र पुन्हा जिभेवर आली.

कोपऱ्यावरच्या कॅफेत बेगो आणि हायरो तळलेले कुरकुरीत चुर्रो चॉकलेटमध्ये बुडवत होते. नोएलिया त्यांच्या टेबलाशी न थांबता थेट काउंटरपाशी गेली. काउंटरमागची बाई साठीची, ओठ लालभडक रंगवलेली, एका हाताने कॉफी काढत दुसऱ्या हाताने बशा मांडत होती. नोएलियाने तिला एक डझन अंडी विकत मिळतील का विचारलं. दुकानं बंद होती, रविवार होता.

"कशाला?"

"क्लारेच्या मठात द्यायचीत."

बाईने कॉफीचं यंत्र बंद केलं. नोएलियाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं लग्न? एवढ्यात?"

"माझं नाही. आईचं."

मागे चमचा बशीवर पडल्याचा आवाज झाला. बेगो केव्हा उठून शेजारी आली ते कळलंच नाही. "काल मी," ती म्हणाली. "नोए, काल मी नवरीची अंडी तळली?"

"तळलीस. मीही खाल्ली."

"तू सांगायचंस ना मूर्खे."

"सांगायचं होतं," नोएलिया म्हणाली. एवढंच, पण बेगोला ते पुरलं असावं. तिने नोएलियाच्या दंडाला घट्ट धरून ठेवलं. हायरोने तिकडून हळूच विचारलं, आपण तिघांनी ती खाल्ली म्हणजे आता आपल्या तिघांच्याही लग्नात पाऊस पडणार का.

कॅफेवाली आत गेली होती. आतून तिचा आवाज येत राहिला. तिच्या थोरलीच्या वेळी दोन डझन दिली होती तरी पाऊस आला, मंडप उडाला, नवऱ्यामुलाचा काका तंबूच्या खांबाला धरून उभा होता. पण जावई निघाला चांगला, तेव्हा सिस्टरांना दोष देता येत नाही, त्यांनी बहुधा चुकून जावयासाठी प्रार्थना केली असावी. ती परत आली तेव्हा तिच्या हातात अंड्यांचा कागदी ट्रे होता. पैसे द्यायला गेल्यावर तिने हात झटकला. "धाकटीच्या लग्नाला तुझी आई मला देईल. आईचं लग्न म्हणजे जपून ने. आमच्या वयात पाऊस फार लागतो."

मठाच्या ओसरीत अंधार होता आणि मेणाचा वास. भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट बसवलेलं होतं, उभ्या पिंपासारखं. आत राहणाऱ्या सिस्टर कुणाला दिसत नाहीत. वस्तू कपाटात ठेवायची, कपाट वळतं, वस्तू आत जाते. नोएलियाने घंटेची दोरी ओढली. बेगो आणि हायरो बाहेर उन्हात थांबले होते. तिने तसं सांगितलं होतं.

"नमो मारिया," आतून म्हातारा, खरखरीत आवाज आला.

नोएलियाला उत्तर काय द्यायचं ते आठवेना. "नमस्कार सिस्टर," ती म्हणाली. "अंडी आणलीत."

"हल्लीच्या मुलींना हेच येतं," आवाज म्हणाला, पण रागाने नाही. "ठेव. कधी लग्न?"

नोएलियाने सांगितलं. सतरा मे, शनिवार, दुपारी बारा. गाव कुठलं तेही सांगितलं.

"हे लसणाचं गाव ना? मागच्या आठवड्यात तिकडूनच पावसासाठी निरोप आलाय. आता मी देवाला काय सांगू?"

"शनिवार कोरडा," नोएलिया म्हणाली. "रविवारी पाऊस."

"दोन मागण्या एका डझनात," आवाज म्हणाला. कपाट करकरत वळलं. अंडी गेली, आणि त्यांच्या जागी कागदाचा कपटा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल आली. "माझे कान गेलेत, बाळ. दोघांची नावं लिही. पूर्ण."

नोएलियाने भिंतीवर कागद टेकवून लिहिलं. रेमेदियोस आराके साइस. हे नाव तिने शाळेच्या अर्जांवर, इस्पितळाच्या फॉर्मवर शेकडो वेळा लिहिलं होतं. त्याखाली तिने लिहिलं, दामियान हिरोन. आणि पेन्सिल थांबली.

माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाकडून, एक आईकडून. दामियानचं दुसरं तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो माणूस त्यांच्या टेबलावर बसून जेवला होता, आणि त्याच्या आईचं घराणं कुठलं हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"एवढंच चालेल का, सिस्टर?"

"नाही," आवाज म्हणाला. "त्या भागात हिरोन पोत्यानं आहेत. भलत्याच्याच लग्नाला ऊन पडेल."

रेमेला विचारता आलं असतं. नोएलियाने फोन काढला, आईच्या नावावर बोट नेलं, आणि तिथून खाली सरकवलं. दामियानचा नंबर आईने अडीनडीला म्हणून कधीतरी घालून दिला होता. तिने तो आजवर कधी लावला नव्हता.

त्याने लगेच उचलला. पलीकडे नुसता वारा होता.

"नोएलिया? काय झालं?"

"काही नाही. तुमचं दुसरं आडनाव काय?"

कशाला, असं त्याने विचारलं नाही. "मोन्तेआगुदो," तो म्हणाला, आणि लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं सावकाश, तोडून तोडून पुन्हा म्हणाला. तिने लिहिलं. तो थांबून राहिला. वारा वाहत राहिला. दोघांनाही फोन ठेवायचा कसा हे सुचत नव्हतं.

"दामियान," ती म्हणाली, "आईला सांगा, फादरना माझं नाव दे म्हणावं. मी घेऊन येईन तिला."

तो पुन्हा आभाळाकडे बघत असेल, असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "सांगतो." आणि तासाभराची दोन वाक्यं वापरून झाली असतानाही, घसा साफ करून तिसरं बोलला. "जरा हळू चाल त्या वेळी. तिचा डावा गुडघा दुखतो. चढताना जास्त. ती सांगत नाही कुणाला."

"हो," नोएलिया म्हणाली.

तिने फोन ठेवला. कागद कपाटात ठेवला. कपाट वळलं आणि पलीकडून काही तरी प्रार्थनेचं पुटपुटणं ऐकू आलं, त्यात मधेच "मोन्तेआगुदो" असं एकदा स्पष्ट.

डावा गुडघा. शुक्रवारी आई तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आली होती, बॅग आपणच उचलून.

बाहेर डोळ्यांवर ऊन आलं. एक वाजताची बस होती आणि बेगो हातवारे करत होती. हायरो उताराच्या टोकापर्यंत पळत गेलाही. नोएलिया पळाली नाही. दगडी गल्लीतून ती एकटीच उतरत होती, एकेक पाऊल टाकून थांबत, पुन्हा पुढचं टाकत. आणि तिचं डावं कोपर अंगापासून थोडं दूर, वाकवलेलं होतं, कुणीतरी हात अडकवावा इतपत.